सुभेदारांच्या घरगाडीतला आवाज

सुभेदारांच्या बायको, म्हणजे काकी, कऱ्हाडच्या स्टँडवर गाडीतून उतरल्या आणि एस.टी. पकडून घरी गेल्या. हे मला सुभेदारांनीच सांगितलं. माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून, हात मागे बांधून, रिपोर्ट द्यावा तसं. नवीन साउंड घेऊन गाडीचा तो पहिलाच प्रवास होता आणि तो साउंड मी बसवला होता.

मशीनमध्ये काही बिघाड झाला का, असं मी विचारलं.

"मशीन एकदम फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "पन आवाज कमी पडतोय. आनि आमची मंडळी म्हन्त्यात जास्ती हुतोय. काय ते तुमीच बगा, मगदूम."

एकाच गाडीत, एकाच वेळी आवाज कमीही आणि जास्तही. अशी तक्रार माझ्याकडे तोवर आली नव्हती.

सांगलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ तर होतेच, पण खरा धंदा लाउडस्पीकरचा. लग्नं, नाटकं, कुस्तीची मैदानं, निवडणुकीच्या जीपगाड्या. सुभेदार माझ्यापर्यंत आले ते अशाच एका जीपमुळे. त्यांचं गाव रहिमतपूरच्या पलीकडे. प्रचाराची जीप गावाबाहेरच्या रस्त्यानं गेली आणि ऊस भांगलताना त्यांना तिच्यावरच्या कर्ण्यातला शब्द न् शब्द ऐकू आला. ड्रायव्हरला थांबवून त्यांनी माझा पत्ता घेतला.

त्यांची गाडी म्हणजे लिलावात घेतलेली लष्कराची जुनी अँब्युलन्स. आतल्या स्ट्रेचरच्या जागी त्यांनी दोन फळ्यांचे पलंग केले होते. एका कोपऱ्यात स्टोव्ह, त्याच्यावर भांड्यांची मांडणी, टपावर पाण्याची टाकी. खिडक्यांना काकींनी जुन्या साडीचे पडदे शिवले होते. आता अशा गाडीला कॅरॅव्हॅन म्हणतात. तेव्हा आमच्याकडे तिला नाव नव्हतं. गावातल्या लोकांनी 'घरगाडी' म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं.

गाडीमागे एक जुनं वचन होतं. सुभेदार तोफखान्यात होते. नोकरीत त्यांना फॅमिली क्वार्टर फारसं मिळालंच नाही. ते सीमेवर आणि काकी गावात, सासू-सासरे, गुरं, ऊस सांभाळत. प्रत्येक सुट्टी संपताना ते म्हणायचे, पुढच्या खेपेला तुला देश दाखवतो. पेन्शनीत आल्यावर त्यांनी शेत भावाकडे लावलं आणि गाडी घेतली. दिवाळी झाली की निघायचं आणि दक्षिणेकडे रस्ता संपेपर्यंत जायचं, असा बेत होता.

पहिल्यांदा गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात एक रेडिओ होता आणि सैन्यातल्या एका दोस्तानं परदेशातून आणून दिलेला कॅसेट प्लेअर. इंजिन बंद असलं की दोन्ही छान वाजायचे. चालू केलं की नुसती करकर. पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक प्लगला ठिणगी पडते. ती ठिणगी म्हणजे एक छोटी वीज, आणि आकाशात वीज चमकली की रेडिओ खरखरतो तसंच इथेही होतं. मी प्लगच्या वायरींना सप्रेसर लावले, डायनामोला कंडेन्सर लावला, बॉनेटला जाड तांब्याची पट्टी जोडून बॉडीशी अर्थ केला. करकर गेली.

त्यांना मात्र तेवढ्यावर समाधान नव्हतं. साउंड मोठा पाहिजे, इंजिनच्या वर ऐकू आला पाहिजे. तेव्हा मी माझ्याकडचा बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर बसवला. मागे लाकडी खोक्यात मोठा स्पीकर, पुढे डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला दुसरा. सुभेदार सीटवर बसून ऐकत होते आणि मला खूण करत होते, वाढवा, अजून वाढवा. मागच्या मांडणीतली पातेली थरथरायला लागली तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली. गिऱ्हाईक खुश होतं. मी बॉनेट बंद केलं.

आणि पुढे कऱ्हाडच्या स्टँडचा प्रकार झाला.

गाडी दुकानापुढे उभी करून असल्या तक्रारी कळत नाहीत, चालत्या गाडीतच बसावं लागतं. म्हणून मी हत्यारांची पेटी घेतली आणि त्यांच्याबरोबर गावी निघालो. मी डावीकडे बसलो. मोकळा रस्ता लागताच त्यांनी आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. अॅम्प्लिफायरला झेपेल त्याच्या पलीकडे नेलं की आवाज मोठा होत नाही, फाटतो. गाणं फाटत होतं, पण सुभेदार स्टेअरिंगवर बोटांनी ठेका धरून मजेत होते. मी दोन-तीनदा काही विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. इंजिनमुळे असेल, असं मी धरून चाललो.

उंब्रजला चहाला थांबलो. इंजिन बंद, कॅसेट बंद. हॉटेलवाला सुभेदारांच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि साखर किती टाकू म्हणाला. सुभेदार म्हणाले, "रहिमतपूर." हॉटेलवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तो फिरून त्यांच्या उजव्या हाताला गेला, पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी बरोबर उत्तर दिलं.

मला अंदाज आला होता, पण बोललो नाही. सुभेदारांसारख्या माणसाला हे रस्त्याकडेच्या हॉटेलात सांगायचं नसतं.

गावी पोचल्यावर ते गाडी सावलीला लावायला गेले. काकी दारात आल्या. ठेंगण्या, कामानं रापलेल्या, बोलायला सरळ. मला पाणी दिलं आणि कशाला आलात हे न विचारताच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मशीनला कायबी झाल्यालं न्हाई. ह्येंचं कान गेल्यात. तोफंनं. डावा तर पारच गेलाय. पन कुनापुडं बोलायचं न्हाई."

त्यांनी आणखीही सांगितलं. पेन्शनीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं तर सुभेदार म्हणाले होते, सगळं ठीक ऐकू येतं. घरात काही बोललं की हां हां करतात, आणि त्या हां वरून काकी ओळखतात की काही पोचलेलं नाही. आवाजाचा त्रास होताच, डोकं उठलं होतं. पण त्या उतरल्या त्याचं कारण वेगळं होतं.

"मी मागं बसून हाका मारत हुते, आवं थांबा जरा म्हनून. कवाच्या हाका. त्येनी वळून बगितलं न्हाई. मग स्टँडवर गाडी थांबली तशी उतरले. येवढा देश बगायचा आनि बोलायचं कुनाशी?"

मी तिथेच ओट्यावर बसलो आणि विचार केला. आवाज वाढवून हा प्रश्न सुटणारा नव्हता, एवढं नक्की होतं. पण सुभेदारांना नेमकं काय ऐकू येतं आणि काय येत नाही, हे कळल्याशिवाय मला काही करता येणार नव्हतं.

माझ्या पेटीत ऑडिओ ऑसिलेटर होता. हा एक लहान डबा. त्याचं चाक फिरवलं की त्यातून शिट्टीसारखा एकच सूर निघतो, अगदी खर्जापासून कानात घुसणाऱ्या बारीक सुरापर्यंत. स्पीकर तपासायला आम्ही तो वापरतो. मी तो गाडीच्या अॅम्प्लिफायरला जोडला. सुभेदारांना सीटवर बसवलं आणि म्हणालो, साउंड तपासायचा आहे, सूर ऐकू आला की हात वर करा, गेला की खाली घ्या.

त्यांना ऑर्डर आवडली. ताठ बसले. खर्जाला हात वर. मधल्या सुरांना हात वर. मी चाक हळूहळू पुढे नेत गेलो. सूर बारीक होत गेला आणि एका ठिकाणी त्यांचा हात खाली आला. मी आणखी पुढे गेलो. हात मांडीवरच राहिला. ते समोर काचेतून पाहत वाट बघत होते.

तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. काकी उंबऱ्यात दोन्ही कानांवर हात दाबून उभ्या होत्या. शेजारचं कुत्रं उठून पळालं होतं.

सुभेदारांनी काकींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाजतंय का आता?"

"वाजतंय, सुभेदारसाहेब."

"मोठ्यानं?"

"हो."

मी ऑसिलेटर बंद केला. ते सीटवरून उतरले, नळावर गेले, उगाच हात धुतले. काकींनी टॉवेल नेऊन दिला. टॉवेल हातात तसाच धरून सुभेदार माझ्यासमोर येऊन उभे राहिले. या खेपेला उजवा कान माझ्याकडे करून.

"ह्याला इलाज?"

"कानाला माझ्याकडे इलाज नाही," मी म्हणालो. "त्याला मिरजेला डॉक्टरांकडे जायला पाहिजे. गाडीला आहे."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. गाण्यात दणका असतो तो जाड आवाजांचा. शब्द कळतात ते बारीक आवाजांमुळे. स, त, क, फ ही अक्षरं बारीक आवाजाची. ती गेली की माणसाला आवाज येतो पण बोलणं कळत नाही. आपण मोठा स्पीकर लावून दणका वाढवला होता. काकींचं डोकं त्यानंच उठलं आणि तुम्हाला शब्द तरीही मिळाले नाहीत. प्रचाराच्या जीपचं बोलणं शेतात कळलं, कारण कर्ण्यात दणका नसतोच, नुसता मधला आणि बारीक आवाज असतो. आणि पुढचा स्पीकर मी डावीकडे लावला होता, म्हणजे नेमका तुमच्या गेलेल्या कानाकडे.

ते सगळं ऐकून घेतलं त्यांनी. "म्हंजी लक्ष्य एकीकडं आनि मारा दुसरीकडं," एवढंच म्हणाले.

पुढचा डावीकडचा स्पीकर आणि मागचा मोठा खोका मी काढून टाकला. काकींनी लगेच खोक्याच्या जागी धान्याचा डबा ठेवला. ड्रायव्हरच्या उजव्या खांद्याच्या वर, खिडकीच्या खांबाला, तळहाताएवढा स्पीकर बसवला. त्याच्या वायरीत कंडेन्सर घालून जाड आवाज अडवला आणि बारीक तेवढा जाऊ दिला. आवाज लहान, पण थेट चांगल्या कानाशी. सुभेदारांनी कॅसेट लावली, बटण अर्ध्यावर ठेवलं आणि गवळणीचे शब्द पुटपुटायला लागले. ती कॅसेट ते कित्येक महिने वाजवत होते. त्यातल्या एका ओळीत काय आहे ते त्यांना त्या दिवशी कळलं.

एक गोष्ट राहिली होती. अॅम्प्लिफायर मूळचा सभांचा, म्हणजे त्याला माइकची जागा होती. मी काकींना पुढे, डावीकडच्या सीटवर बसायला सांगितलं आणि त्यांच्यासमोर डॅशबोर्डवर एक छोटा माइक लावला. सुरुवातीला तो नुसता किंचाळला. माइक आणि स्पीकर जवळ आले की स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो, पुन्हा शिरतो, आणि शिट्टी सुरू होते. म्हणून माइकची पाठ स्पीकरकडे केली आणि एक दाबायचं बटण दिलं. बटण दाबलं की कॅसेटचा आवाज बंद आणि माइक चालू. तोंड जवळ नेऊन बोलायचं, हळू.

आम्ही कोरेगावच्या रस्त्यानं निघालो. मी मागच्या पलंगावर. काकी माइककडे पाहत होत्या, पण हात लावत नव्हत्या. गाव मागे पडलं, उसाचे फड सुरू झाले. बऱ्याच वेळानं त्यांनी बटण दाबलं, पदर सावरला आणि वाकून म्हणाल्या, "पुडं म्हशी हायत."

"दिसल्यात मला," सुभेदार म्हणाले.

सुभेदारांनी ब्रेक दाबला, गाडी बाजूला घेतली, म्हशी जाऊ दिल्या. म्हशी गेल्या तरी गाडी हलली नाही. त्यांनी मान वळवून काकींकडे पाहिलं. काकींनी पुन्हा बटण दाबलं.

"आवं, ऐकू आलं व्हय?"

"आलं की."

त्यानंतर परतीच्या सगळ्या रस्त्यात कॅसेट लागली नाही. हे शेत कोणाचं, त्या शेतवाल्यांच्या सुनेचं माहेर कुठलं, ह्या विहिरीचं पाणी कसं, सगळं काकी माइकमधून सांगत होत्या आणि सुभेदार उत्तरं देत होते. हां हां नाही, उत्तरं. मागे बसून मला त्यातलं निम्मं ऐकू येत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

निघताना मी दोन मोठे आरसे बाहेरून लावायला सांगितले, कारण मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न त्यांना कळेल याची खात्री नव्हती. काकी म्हणाल्या, त्याची काळजी करू नका, मी सांगीन. सुभेदारांनी आरसेही लावले. पुढच्याच आठवड्यात ते मिरजेच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. काकींना घेऊन.

दिवाळीनंतर ते निघाले. परत आले तेव्हा गाडी माझ्या दुकानापुढे उभी राहिली. दोघं उन्हानं काळे झाले होते आणि काकींनी माझ्या बायकोसाठी शिंपल्यांची माळ आणली होती. दुरुस्ती किरकोळ होती. माइकचं बटण निकामी झालं होतं. उघडून पाहिलं तर आतली पितळी पट्टी दाबून दाबून झिजून तुटली होती. आलेच आहेत म्हणून कॅसेट प्लेअरही साफ करायला घेतला. तो साफच होता.

बटण बदलून मजबूत दिलं, कारखान्यातल्या मशीनला असतं तसलं.

पुढे मी बऱ्याच गाड्यांना साउंड बसवला. महाबळेश्वरच्या टॅक्स्या, सहलीच्या बसेस. गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, आवाज मोठा पाहिजे. मी आधी विचारायचो, कोणाचा? बहुतेकांना प्रश्न कळायचा नाही. त्यांना मी मोठा स्पीकर लावून द्यायचो.