डोहातलं बियाणं

कंधारजवळच्या माझ्या आजोळी उन्हाळ्यात मन्याड नदी आटते, डबकी तेवढी उरतात. देवीच्या देवळाखालचा डोह मात्र भरलेला असतो. तो देवीचा, त्यात जाळं टाकायचं नाही, हा गावाचा जुना रिवाज. बाकी सगळी नदी भोयांची. पावसाळ्यात डोहातले मासे नदीभर पसरतात आणि त्यांच्यावर भोयांची घरं चालतात.

बंधाऱ्यापलीकडच्या गावानं आपला डोह जिलेटिनचे स्फोट करून रिकामा केला होता. पुढं नदी दुथडी वाहिली, तरी तिथल्या जाळ्यांत शेवाळच आलं. हे दिसत असूनही मागच्या उन्हाळ्यात आमच्या पोरांनी डोह खुला करायची मागणी ग्रामसभेत मांडली. त्यांची भिस्त माझ्यावर होती. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचत मी वाढलो, तीच गावात वाटलीही.

"सांगा पत्रकवाले, डोहात देवी हाय का?" त्यांच्यातल्या एकानं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. मी पुढं बोललो,

"मासे हायत. गाभोळीला आलेले. दुष्काळातबी कुणी पेरणीचं बियाणं दळून खाल्लंय का? मग हे कसं खाता?"

टाळ्या थांबल्या. सरपंच असलेल्या मामांनी डोह बंदच ठेवायचा ठराव लिहायला सांगितला. तेवढ्यात भोयांतली म्हातारी उठली. तिला सगळं गाव आत्या म्हणतं.

"कागदाला कोण भितंय, लेकरा? वाळू उपसायची न्हाई, असाबी ठराव केलता की. कुठंय वाळू?" लोक हसले. "देवीपुढं नारळ फोड. तू न मानणारा. तू फोडलास तर पोरं दचकतील."

"भीतीवर नको, आत्या. पाळीपाळीनं पहारा देऊ."

"कोण देतंय पहारा?" मामांनी विचारलं.

माझा एकट्याचा हात वर गेला, आणि मी तर नांदेडला राहणारा.

"भाचेबुवा, नांदेडहून दिसंल का डोह?" मामा म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

देवळाच्या पायरीवर मी नारळ फोडला. भोयांच्या बाया हात जोडून उभ्या होत्या. मला कुणाकडं पाहवेना.

त्या उन्हाळ्यात डोहात जाळं पडलं नाही. सरकारनं डोह राखीव केला असता, राखणदार नेमला असता, तर ही पाळी आली नसती, असं मी आजही भांडून सांगतो. पावसाळ्यात आत्याचं जाळं जड आलं. यंदाही नारळ मीच फोडावा, असा मामांचा निरोप आहे.

मी जाणार आहे.