परळीत आज वीज सुरळीत होती म्हणे

मंडळी, जिथे कोळसा जाळून वीज तयार होते त्या आमच्या परळीत आज दुपारभर वीज नव्हती. शेजारच्या शकीलाबींचा दमा उसळला आणि वाफेचं मशीन बंद.

मी तक्रारीच्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्या भागात पुरवठा सुरळीत आहे."

"मग या म्हातारीचा श्वासही सुरळीत आहे, असं लिहून घे," मी म्हणाले.

शकीलाबी धापा टाकत म्हणाल्या, "कावून भांडता बाई? राख आपल्या वाट्याला हाय, लाईट दुसऱ्यांच्या."

शेवटी रिक्षाने दवाखाना गाठला. त्यांना ऑक्सिजन लावलाय.

घरी आले, तर सकाळी पुसलेल्या ओट्यावर पुन्हा राख होती. इथली वीज कोणाच्या घरी सुरळीत आहे, सांगाल का?