जप्तीची स्कूटर

मित्राविरुद्धचा दावा मी जिंकलो, तरी गडी माझे पैसे देईना. शेवटी जप्तीचं वॉरंट आणि कोर्टाचा बेलिफ घेऊन मी परळला त्याच्या चाळीत धडकलो. बेलिफने त्याची स्कूटर जप्त केली. किक मारून मारून मी घामाघूम झालो, पण ती ढिम्म! गॅलरीतून हा नालायक ओरडला, "अरे, ती फक्त माझंच ऐकते!" खाली येऊन त्याने एका किकमध्ये चालू केली. मग तो पुढे, मी मागे, बेलिफ टॅक्सीत, अशी आमची वरात कोर्टाकडे निघाली. लालबागला पेट्रोल संपलं. दोघं खिदळत, स्कूटर ढकलत पंपावर पोचलो. तो म्हणाला, "दोनशे दे रे, उद्या देतो."

हसता हसता मी दिलेसुद्धा.