अब्बांनी नाकारलेला गोल

परवा वारलेले माझे अब्बा, मैनुद्दीन, येरवड्याच्या एका छापखान्यात कामाला होते आणि रविवारी हॉकीचे पंच असत. आम्हा तिघी बहिणींना हॉकी त्यांनीच शिकवली.

शहाऐंशी साली शाळांच्या अंतिम सामन्यात मी शेवटच्या मिनिटाला गोल केला. चेंडू आधी माझ्या पायाला लागल्याचं फक्त अब्बांनी पाहिलं आणि गोल नाकारला. आम्ही हरलो.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या सकाळी ते सायकल घेऊन दारात उभे होते.

“मुलीसाठी एवढंही करता आलं नाही?” मी विचारलं.

“चल, पाय कुठे ठेवायचा ते शिकवतो.”

पुढच्या वर्षी त्यांनी आमच्या सामन्यांत पंच व्हायला नकार दिला. अंतिम सामना आम्ही जिंकलो, तेव्हा मैदानाबाहेर सगळ्यांत मोठा आवाज अब्बांचाच होता.