जेवण ठेवलेले नाही

महाराजांनी डहाणूच्या मैदानावर सगळ्यांना हात वर करायला सांगितले, तेव्हा माझा हात इतरांच्या आधी वर गेला. शेजारी बसलेल्या बायकोचा हात पिशवीत होता. ती शेंगा शोधत होती.

प्रवचनाचा शेवटचा दिवस होता. तेराव्याचे जेवण बंद करा, असे महाराज सांगत होते. घरातले माणूस गेलेले, ऐपत नाही, आणि तरी गावाला पंगत घालायची, ही रीत आता मोडली पाहिजे. ज्यांना हे पटते त्यांनी हात वर करावा. मी कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल. समाजसुधारणेची पुष्कळ पुस्तके वाचलेली, आणि त्या वाचनाला हात वर करण्याइतकेच काम आजवर मिळालेले.

सरावलीला घरी येताना रिक्षात बायको म्हणाली, "तुम्ही आजवर कुणाच्या तेराव्याला जेवायला गेलात का?"

"नाही."

"मग बंद काय करणार तुम्ही?"

ती स्वतः अशा जेवणांना जायची. तलासरीकडच्या एका पाड्यावर तिने अनेक वर्षे बालवाडी चालवली. तिथे कुणी गेले की ती सकाळीच निघायची, संध्याकाळी परत यायची आणि रात्री जेवायची नाही. तिथे काय होते, हे मी कधी विचारले नाही. माझ्या हातात बहुधा पुस्तक असायचे.

महाराजांच्या बोलण्यावर स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर आठवडाभर चर्चा चालली. किराणा दुकानदार म्हणाला, "बराबर बोलला महाराज. पण माझ्या बापाच्या बारमा-तेराव्याचं जेवण घातल्यावर बोलला, आधी बोलला असता तर?" मंडपवाल्याने विचारले, "लग्नाच्या जेवणाचं काय बोलले नाहीत ना? मग चालू दे." एक म्हातारे गृहस्थ चिडून म्हणाले की आपण आयुष्यभर लोकांकडे जेवलो, आता आपली पाळी आली तेव्हा बंद केले तर लोक काय म्हणतील. मी प्रत्येकाला महाराजांचा मुद्दा समजावून सांगितला. कुणीही विचारला नव्हता.

चार महिन्यांनी बायको गेली. सकाळी छातीत दुखले, दुपारी गेली.

चिंचणीहून माझी थोरली बहीण येऊन राहिली. दहाव्या दिवशी तिने विचारले, "तेराव्याला आचारी कोण सांगायचा?"

मी महाराजांचे नाव घेतले. हात वर केल्याचे सांगितले. थोडे भाषणच केले.

ताई सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "महाराज गेले गुजरातेत. तुला इथं राहायचंय. आणि तिची माणसं येतील पाड्यावरनं, त्यांना काय सांगशील?"

"तेच सांगेन."

खरे कारण वेगळे होते. ते मी ताईला सांगितले नाही, आणि स्वतःलाही फारसे स्पष्ट सांगत नव्हतो. मला माणसे नको होती. प्रत्येक जण येऊन 'कसं झालं' म्हणून विचारायचा आणि मला पुन्हा पहिल्यापासून सकाळ, छाती, दुपार असे सांगावे लागायचे. महाराजांनी माझ्यासाठी एक भले मोठे दार करून ठेवले होते, आणि ते आतून लावता येत होते.

तेराव्याच्या सकाळी मी पुठ्ठ्यावर पाटी लिहून फाटकाला बांधली. 'महाराजांच्या आवाहनानुसार तेराव्याचे जेवण ठेवलेले नाही. कृपया भेटीस येण्याची तसदी घेऊ नये.' पहिले वाक्य महाराजांचे, दुसरे माझे. अक्षर सुंदर आले होते. वाचनालयात मी तीस वर्षे 'शांतता राखा' आणि 'पाने दुमडू नयेत' लिहीत आलो. शांतता कुणी राखली नाही, पाने सगळ्यांनी दुमडली. ही एकच पाटी लोकांनी अक्षरशः पाळली.

ताई देवळात गेली होती. मी खिडकीच्या पडद्याआड बसलो होतो. अकराच्या सुमारास सात-आठ बायका फाटकाशी आल्या. प्रत्येकीच्या हातात फडक्यात बांधलेले गाठोडे. त्यांतल्या एका तरुण मुलीने पाटी मोठ्याने वाचली, एकेका शब्दावर बोट ठेवत. 'तसदी'पाशी ती अडखळली आणि मग तोही शब्द तिने नीट वाचला. अशी बोट ठेवून वाचायची सवय कुणाची, हे मला पडद्याआडून ओळखू आले. माझी बायको मुलांना तसेच वाचायला शिकवायची.

त्या थोडा वेळ आपसांत काही बोलल्या. मग कुंपणाच्या भिंतीवर आपापली गाठोडी एका ओळीत ठेवून निघून गेल्या. मी उठलो नाही.

ताई आली ती एक गाठोडे हातात घेऊनच. "तांदूळ आहेत. कोण आलं होतं?"

मी सांगितले.

"आणि तू?"

"पाटीवर लिहिलं होतं ना."

ताई बाहेर जाऊन पाटी वाचून आली. "जेवण बंद करायचं सांगितलं होतं महाराजांनी. माणसांना येऊ नका म्हणाले होते का ते?"

मी चपला घातल्या. शेजाऱ्याने स्कूटरवरून डहाणू रोडला सोडले. तलासरीच्या जीपा पूर्ण भरल्याशिवाय सुटत नाहीत, ही त्या दिवशी माझ्यावर झालेली कृपा. बायका आत बसल्या होत्या. वाटेत मी चांगली चार वाक्ये जुळवली होती. खिडकीशी उभा राहून मी म्हणालो, "तुमचे तांदूळ राहिले."

कडेला बसलेल्या म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिले. "राह्यले नाय, सर. ठेवले. मेल्याघरी नेलेला तांदूल आमी परत घरात नेत नाय."

मग तिने समजावले, लहान मुलाला सांगावे तसे. त्यांच्या पाड्यावर तेराव्याला घरवाला काही करत नाही. येणारा आपल्या घरचे तांदूळ आणतो, सगळ्यांचे एका पातेल्यात शिजवतात आणि त्यातलेच सगळे खातात, घरवाल्यालाही खायला घालतात. "बाई आमच्याकडं दर टायमाला तांदूल आणायची. आता तिचा टायम आला तं आमी आणला."

"मग मी आता काय करू?"

"शिजवा."

"मला येत नाही."

जीपमध्ये कुणीतरी फस्सकन हसले. म्हातारी खाली उतरली. "चला गं. यांना भात पण येत नाय."

अंगणात तीन दगडांची चूल मांडली. ताईने मोठे पातेले काढले. तांदूळ आठ घरचे होते. काही जुने, काही नवे, काही लालसर. काही आधी शिजले, काही शेवटपर्यंत कडक राहिले. कणीवर दात पडला की बायका हसून एकमेकींना विचारायच्या, "ह्यो तुझा गं?" मला कसं झालं म्हणून कुणीही विचारले नाही. बाई कुणाला काय बोलली, कुणावर रागावली, एवढेच बोलत होत्या. त्यातले निम्म्याहून जास्त मला ठाऊक नव्हते.

जेवण चालू असतानाच महाराजांच्या मंडळाचा एक कार्यकर्ता मोबाइल घेऊन आला. माझ्या पाटीची बातमी गावात पोचली होती. "सर, फोटो काढायचा होता. महाराजांना पाठवू. आदर्श म्हणून." मग त्याला चूल दिसली, पातेले दिसले, माझ्या हातातले पान दिसले.

म्हातारी म्हणाली, "बस जेवाया."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पाटीकडे पाहिले. "जेवण मी ठेवलेलं नाही," मी म्हणालो. तेवढे तरी खरे होते. त्याने मोबाइल खिशात घातला आणि बसला.

टपरीवर आता माझ्यावरही दोन मते आहेत. मी शब्द मोडला असे काहींना वाटते, महाराजांना उगाच मध्ये घातले असे इतरांना. दोन्ही मला पटतात. ऐपत नसताना पंगत घालू नये, हेही मला अजून पटते.

यंदा महाराज पुन्हा आले. मी मैदानावर तिच्या नेहमीच्या जागेजवळ बसलो, तिचीच पिशवी घेऊन. शेवटच्या दिवशी त्यांनी हात वर करायला सांगितले. माझा हात पिशवीत होता. शेंगा केव्हाच संपल्या होत्या.