दस्त्यातलं वाकडं भोक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही: शेजारच्या म्हाताऱ्याच्या बंदुकीच्या दस्त्यातलं भोक त्याच्या हातामुळे वाकडं गेलं नाही. माझ्यामुळे गेलं. हे मी मराठीत लिहितोय, म्हणजे तो वाचणार नाही याची सोय आधीच करून ठेवली आहे. कबुली द्यायची, पण सुरक्षित अंतर राखून. त्या काळाने आम्हाला दुसरं काही शिकवलं नसेल, एवढं मात्र शिकवलं.

तेव्हा लॉकडाउनमुळे मेलबर्न बंद होतं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, आणि आमच्या पॉइंट कुकमध्ये पाच किलोमीटरांत काय होतं, तर आमच्या घरासारखीच दुसऱ्यांची घरं आणि एका बाजूला समुद्र. लोक पाव भाजायला शिकले, एकमेकांचे केस कापायला शिकले. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने घरी चक्का टांगून रोज श्रीखंडाचे फोटो टाकायचा सपाटा लावला. मी काहीच शिकलो नाही. मी डिलिव्हरी मॅनेजर आहे. आमच्या धंद्यात स्वतः काही करायचं नसतं. दुसऱ्याने केलेलं ठीक चाललंय असं तिसऱ्याला सांगायचं असतं. हे काम पायजम्यातही उत्तम होतं असं त्या वर्षी सिद्ध झालं.

शेजारी सत्तरीतला, एकटा. त्याची मुलगी वॉलॉंगॉंगला, म्हणजे दुसऱ्या राज्यात, म्हणजे त्या वर्षापुरती परदेशातच. आयुष्यभर तो विमा कंपनीसाठी अपघातांची पाहणी करत आला होता. दोन गाड्या एकमेकींत घुसल्या की हा जाऊन बघायचा आणि चूक कुणाची ते लिहून द्यायचा. पत्र्याला पडलेला पोचा खोटं बोलत नाही, ड्रायव्हर बोलतो, असं तो म्हणायचा. मी हसायचो.

त्याचा छंद ठासणीच्या बंदुका करण्याचा. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालायची आणि लांब गजाने ती आत ठासायची. आपल्याकडे किल्ल्यावरच्या संग्रहालयात काचेमागे असतात तशा. त्याच्याकडे रीतसर लायसन्स होतं, आणि लोखंडी नळी भिंतीत बोल्ट मारलेल्या कपाटात कुलपाखाली असायची. अंगणात यायचा तो फक्त लाकडी दस्ता. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आपली सिटिझनशिपची टेस्ट व्हायची आहे. तिथे छंद विचारला तर काय सांगणार? शेजाऱ्याला बंदूक करू लागतो?"

करू लागण्याची वेळ त्याच्या डोळ्यांमुळे आली. नजरेच्या मधोमध डाग पडत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टर दर काही आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन द्यायचे आणि फार आशा ठेवू नका म्हणायचे. त्याने अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बोटांनी चाचपत कोरत आणला होता, आणि तो सुंदर झाला होता, हे मलाही कळत होतं. राहिलं होतं ते गजाचं भोक.

हा गज नळीच्या खाली दस्त्यातच ठेवतात. पुढच्या अर्ध्या भागात त्याच्यासाठी उघडी खाच असते, पण मागच्या अर्ध्या भागात तो लाकडाच्या पोटात जातो. तिथे लांब भोक पाडावं लागतं, आणि ते एका टोकाकडूनच. वर नळी बसायची खाच, खाली दस्त्याचं पोट, दोन्हीकडे लाकूड जेमतेम पेन्सिलीच्या जाडीचं. मशीन नाही, काही नाही; लांब सळईला जोडलेलं पातं आणि ती फिरवायला हातगिरमिट. हात केसभर खाली गेला की आतलं टोक केसभर वर जातं, आणि लाकडाच्या आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही.

"तू इंजिनिअर ना?" त्याने कुंपणावरून विचारलं.

मी हो म्हणालो. मेकॅनिकल, असंही म्हणालो, कारण खोटं बोलताना तपशील द्यावा. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आम्ही फिटिंगचा जॉब सीनियरकडून घ्यायचो, त्याच्यावर ठोकलेला नंबर घासून काढायचो आणि आपला ठोकायचो. माझा लोखंडी चौकोन माझ्या आधी बऱ्याच जणांना पास करून आलेला होता. त्याला माझ्यापेक्षा जास्त अनुभव होता. मी आयुष्यात एक भोक पाडलेलं नव्हतं.

पण त्याला माझा हात नको होता, डोळे हवे होते. हात आपला आहे, तो म्हणाला. डावं-उजवं तो अंगठ्याने सळई चाचपून सांभाळणार होता. वर-खाली मात्र बाजूने बघणाराच सांगू शकतो. त्याने दोन खिळ्यांमध्ये एक पांढरा धागा ताणून बांधला, सळईच्या बरोबर वर. धागा आणि सळई यांच्यातली फट दोन्ही टोकांना सारखी दिसली पाहिजे. त्याच्या हाताकडच्या टोकाला फट मोठी झाली, म्हणजे त्याचा हात खाली गेला. मी म्हणायचं, "वर". एवढंच काम. कुणाच्या अंगणात जायला बंदी होती, म्हणून त्याने कुंपणाच्या दोन फळ्या काढल्या आणि मी माझ्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत, मास्क लावून बसलो.

पहिल्याच दिवशी तो मला सगळं सांगून मोकळा झाला. डोळे गेले तर गेले, म्हणाला, त्याची तयारी केली आहे. चहा करीन, भाजी चिरीन, लाकूड कोरीन, सगळं हाताने जमतं. "पण हात सरळ आहे की नाही हे मला माहीत हवं. हे भोक नीट गेलं तर मुलीकडे जायची गरज नाही. नाही गेलं तर मुलगी म्हणते ते खरं."

म्हणजे मी कशासाठी बसलो होतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नंतर मला वाटलं नव्हतं, लक्षात आलं नव्हतं, वगैरे म्हणायची सोय नाही.

शनिवार-रविवार छान गेले. तो चार वेढे फिरवायचा, सळई बाहेर काढायचा, भुसा झटकायचा, पुन्हा आत. मी सुरुवातीला दर वेढ्याला ठीक आहे, ठीक आहे करत होतो. तो थांबला. "मेट, तू क्रिकेटची कॉमेंटरी करतोयस का? वाकडं जाईल तेव्हाच तोंड उघड. गप्प म्हणजे सरळ." मग मी गप्प बसून बघायला लागलो, आणि खरं सांगतो, कित्येक वर्षांत मी कुठल्या गोष्टीकडे इतकं नीट बघितलं नव्हतं. मधे त्याला खंडेनवमीबद्दल सांगितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाही. त्याला ते फार आवडलं. तुम्ही कशाची पूजा करता, त्याने विचारलं. लॅपटॉपची, मी म्हणालो. तो बराच वेळ हसत होता.

बुधवारी सकाळी त्याने विचारलं, आज आर्वोला, म्हणजे दुपारी, वेळ आहे का, थोडंच राहिलंय. मला त्या वेळी मीटिंग होती. मी म्हणालो, नो वरीज. नाही म्हणणं माझ्या अंगात नाही. पुण्याच्या टीमला आणि सिडनीच्या क्लायंटला एकाच वेळी हो म्हणत माझी नोकरी टिकली आहे. खुर्चीत बसलो, त्याच्यापासून दूरच्या कानात इअरबड घातला, फोन मांडीवर, कॅमेरा बंद. आदल्या आठवड्यात क्लायंटची सिस्टीम पडली होती आणि ती कुणामुळे पडली हे शोधायची ती मीटिंग होती. डझनभर माणसं, आणि ती आपल्यामुळे पडली नाही एवढं मात्र प्रत्येकाला नक्की माहीत होतं.

सुरुवातीला मी बघत होतो. एकदा फट वाढली, मी "वर" म्हणालो, त्याने हात वर घेतला, फट सारखी झाली. मग मीटिंगमध्ये कुणीतरी माझ्या टीमचं नाव घेतलं. मी फोन उचलला आणि उत्तर टाइप करायला लागलो. छान उत्तर होतं. प्रक्रिया कशी पाळली गेली होती, तपासणी प्रत्येक टप्प्यावर कशी झाली होती. कुंपणापलीकडे गिरमिट फिरत होतं, थांबत होतं, भुसा झटकला जात होता, पुन्हा फिरत होतं. मी गप्प होतो. गप्प म्हणजे सरळ.

लाकूड फार मोठा आवाज करत नाही. ढलपी निघाल्यासारखा कोरडा आवाज झाला. मी मान वर केली तेव्हा पातं नळीच्या खाचेतून वर आलेलं होतं आणि रेषेरेषेने एक भेग पुढे गेली होती. त्याचा हात खाली होता. चांगला दोन बोटं खाली. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसलं असतं.

त्याने बोट फिरवून भेग चाचपली. मग चेहरा जरा वळवला, कारण कडेनेच दिसायचं त्याला, आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. पाहणीला आला असता तर असंच विचारलं असतं.

"तू सांगितलं होतंस का?"

कानात कुणीतरी माझ्या उत्तराबद्दल आभार मानत होतं.

"सांगितलं ना," मी म्हणालो. "वर घे म्हणालो. तुझा हात आलाच नाही वर."

"ते 'वर' मी ऐकलं," तो म्हणाला. "मला वाटलं, मी घेतला." मग तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला, म्हणजे त्याच्या शेजारच्या हवेकडे, कारण सरळ बघितलं असतं तर त्याला हात दिसला नसता.

मी म्हणालो, लाकूड चिकटवता येईल ना. इंजिनिअर म्हणून सल्ला दिला. तो म्हणाला, "लाकूड चिकटेल रे." आणि फळ्या परत लावायला हातोडी आणायला गेला.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका ठरवल्या त्याने, आणि शेवटच्या पाहणीत चुकीच्या माणसावर ठपका ठेवला. कारण एकमेव साक्षीदार मी होतो, आणि मी सुशिक्षित, सभ्य, टॅक्स भरणारा साक्षीदार होतो.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं, फळ्या का ठोकतोय तो? मी सांगितलं. तिने विचारलं, "पण तुझा कॉल होता ना तेव्हा?" मी म्हणालो, लवकर संपला.

दस्ता त्याने पुढच्या हार्ड रबिशला, म्हणजे नगरपालिकेची गाडी मोडकं सामान उचलून नेते तेव्हा, रस्त्याकडेच्या गवतावर ठेवला, मोडक्या पंख्याच्या शेजारी. मला तो उचलता आला असता. उचलला नाही. मास्क नीट केला आणि बाजूने चालत गेलो. व्यायामासाठी बाहेर पडायला दिवसातून एक तास मिळायचा, तो माझा तास चालू होता. नळी त्याने लायसन्स असलेल्या एका मित्राला रीतसर देऊन टाकली. सीमा उघडल्यावर घर विकायला काढलं. मुलगी गाडी घेऊन आली, वॉलॉंगॉंगला घेऊन गेली. एकटं राहायला आता हातावर भरवसा नाही, असं तो तिच्यासमोर मला सांगत होता, आणि मी समजूतदारपणे मान हलवत होतो.

जाताना त्याने एक लांब पुडकं माझ्या हातात दिलं. आत हातगिरमिट आणि ती सळई. म्हणाला, "तुमचा तो हत्यारांचा दिवस असतो ना, ह्यांना तिथे बसव. मी ऐकलं असतं तर... तुझे डोळे चांगले आहेत, मेट."

तेव्हा सांगता आलं असतं. मुलगी गाडीत बसली होती, आम्ही दोघंच होतो, आणि मास्कचा नियमही उठला होता. मी थँक यू म्हणालो.

आता दर खंडेनवमीला बायको पाटावर लॅपटॉपच्या शेजारी गिरमिट मांडते, झेंडूचं फूल ठेवते. कुंकू मी लावतो. त्या दिवशी तो आठवणीने फोन करतो. मागच्या वेळी मी विचारलं, काय करतोस दिवसभर. रेडिओ ऐकतो, म्हणाला. चहा? "चहा मुलगीच ओतते. मी ओतला तर कपाबाहेर जाईल." गेला होता का कधी, मी विचारलं. नाही, म्हणाला, पण कशाला बघायचं. आणि हसला. फोन स्पीकरवर नव्हता, खोलीत कुणी नव्हतं, माझी मीटिंग नव्हती. मी म्हणालो, काळजी घे.

त्याचा हात "वर" म्हटल्यावर वर आला होता. मी पाहिलं होतं. नंतर मी पाहत नव्हतो, आणि त्याने विचारलं तेव्हा खोटं बोललो. एवढं फोन करून सांगण्याचं मी त्याला देणं लागतो. तो फोन अजून केलेला नाही.