अक्काच्या गोळ्या

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरात माझ्याआधी मिशी थोरल्या अक्काला फुटली.

आज दाढीच्या साबणाचा वास आला आणि सत्तरच्या दशकातलं कोल्हापूरचं घर आठवलं. अक्काच्या हाडांतल्या मज्जेने रक्त बनवणं सोडलं होतं. डॉक्टरांनी पुरुषी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. मिशी येईल, आवाज जाडा होईल, पण गोळी चुकवू नका, म्हणाले. चार महिन्यांनी पांढऱ्या ओठांवर लाली आली आणि त्यावर कोवळी लव. बाबांचा साबण गालाला फासून मी तिच्याशी शर्यत लावायचो.

तेवढ्यात कुरुंदवाडची आत्ती स्थळ घेऊन आली. अक्काला पाहताच तिने गोळ्यांची डबी कनवटीला लावली.

"पावणं बघून जाईस्तोवर बंद. महिन्याभरानं काय हुतंय?"

घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, आईनेसुद्धा. त्या मानांचा मला अजून संताप येतो. त्यात एक माझीही होती.

अक्का उठली आणि बाबांपेक्षा जाड्या आवाजात म्हणाली, "डबी दे, आत्ती. दाखवायला आधी मी जित्ती पायजे की."